सव्वीस हाडांचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



संयोजकांनी मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, आपल्या वर्गात दोन डॉक्टर आहेत, त्यांना बोलवा. तर त्या दोघांनीच माझं नाव पुढं केलेलं. त्यातला एक म्हणाला, "आम्ही बोललो तर लोक जेवणाकडं बघतात. तू बोललीस तर तुझ्या पायाकडं बघतील." तर बघा. मी चप्पल काढूनच उभी राहिले आहे.

विज्ञानाचे आपले सर आज पुढच्या रांगेत आहेत. सर, तुम्हाला आठवतं का माहीत नाही, पण आठवीत असताना तुम्ही एका मुलाला फरशीवर उभं करून त्याच्या पायाभोवती खडूनं रेघ ओढली होती. मग त्याला बाजूला केलं आणि त्या पावलाच्या चित्रात चिंचोके मांडले. टाचेकडं सात, मध्ये पाच, बोटांत चौदा. एकूण सव्वीस. "अंगात दोनशे सहा हाडं, त्यातली बावन्न नुसत्या दोन पावलांत. म्हणजे चौथा हिस्सा तुम्ही चिखलात तुडवता," असं तुम्ही म्हणाला होतात. सर बाहेर गेल्यावर मुलांनी त्यातले भाजके चिंचोके खाऊन टाकले आणि नंतर मोजले तर एकवीसच भरले. मार कुणी खाल्ला ते सांगत नाही, तोही इथंच आहे.

ते सव्वीस मला पुढं दवाखान्यात पडल्या पडल्या फार आठवले.

माझं सासर अहमदपूर तालुक्यातलं. नांदेडहून लातूरला जाताना लोहा, माळाकोळी झालं की अहमदपूर लागतं, त्यामुळं माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला अशी माझी सगळी नोकरी याच रस्त्यावर गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लातूरकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, दिवाळीपेक्षा मोठी. गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, भज्जी, उंडे, आंबील, आणि आंबील शिंपडत अनवाणी सगळ्या रानाला फेरी. २०१७ ची येळवस. फेरी झाली, जेवणं झाली, संध्याकाळी घरी आलो. रात्री जाऊबाई म्हणाल्या, "अगं, फरशीवर हे रक्ताचे ठिपके कुणाचे?" ठिपक्यांमागं ठिपके बघत गेलो तर ते माझ्या उजव्या पायाशी येऊन थांबले. अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या गादीत, बाभळीचा काटा. मोडलेला. अख्खी फेरी मी तो काटा घेऊन फिरले होते आणि मला कळलंच नव्हतं.

आता मला कुणी विचारलं की आजार कधी सुरू झाला, तर मी काटा रुतला तो दिवस सांगत नाही. काटा लागून कळला नाही, याचा अर्थ आजार आधीच आलेला होता. मला सहा वर्षांपासून साखर होती. गोळी होती, पण ती आठवली तर. सणाला तर नाहीच. डॉक्टर सांगायचे, पायाला मुंग्या येतात का? मी सांगायची, यायच्या, आता थांबल्या. मला वाटलं बरं झालं. मुंग्या थांबल्या म्हणजे नसच बधिर झाली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काटा सुईनं काढला. निदान आम्हाला वाटलं की काढला. आत्याबाईंनी बिब्ब्याचा चटका दिला, तोही मला नीट लागला नाही आणि त्यावर घरात माझं कौतुकच झालं की बाई सोसते. संक्रांतीपर्यंत तिथं काळं कुरूप धरलं. एका दवाखान्यात ते कापून दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. भरलं, पुन्हा फुटलं. पुन्हा गोळ्या. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. त्या नॉर्मलवर मी दीड महिना काढला. पुढं कळलं की हाडात जंतू शिरले तरी एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिला एक्स-रे नॉर्मल आला तर तो पुन्हा काढायचा असतो, फाइलला लावून ठेवायचा नसतो.

मार्चमध्ये दुसरीच्या वर्गावर होते. पहिल्या रांगेतली एक पोर नाक धरून म्हणाली, "बाई, कपाटामागं उंदीर मेला की काय?" मुलांनी कपाट सरकवलं, शोधाशोध केली. उंदीर नव्हता. मी खुर्चीत बसले होते, आणि मोज्याला ओल लागल्याचं माझ्या हाताला लागलं. मी त्या पोरीला काही बोलले नाही. मधली सुट्टी होईपर्यंत तशीच बसून राहिले. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रात्री मी आपल्या वर्गातल्या डॉक्टरला, जो नांदेडला असतो, पायाचा फोटो पाठवला. नाव घेऊ नको म्हणालाय, घेत नाही. त्याचा दहा मिनिटांत फोन. शाळेत असल्यासारखाच ओरडला. म्हणाला, "अंगठ्याशेजारचं बोट बघ, फुगून भेंडीसारखं झालंय. आणि ते जोडवं आधी काढ." जोडवं निघत नव्हतं. सूज इतकी की चांदी मांसात गेली होती. ते शेवटी लातूरच्या दवाखान्यात कटरनं कापलं.

लातूरच्या सर्जननी काय केलं ते सांगते, कारण ते अगदी साधं आहे. त्यांनी जखमेतून बोथट टोकाची, निर्जंतुक केलेली एक स्टीलची काडी आत सरकवली. मला काही दुखलं नाही. पण टक् असं लागलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काडी हाडाला लागली. साखरेच्या रुग्णाच्या पायाच्या जखमेत काडी हाडाला टेकली, तर हाडापर्यंत जंतू गेल्याची शंका फार मोठी. मग एम.आर.आय., मग पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, रक्ताच्या तपासण्या. तीन महिन्यांची साखर दहाच्या वर. त्याच दिवशी इन्सुलिन सुरू.

काटा बाभळीचा असल्यामुळं त्यांनी पुवात बारीक दाणे दिसतात का तेही बघितलं. काळे, पांढरे, खसखशीएवढे दाणे दिसले तर आजार वेगळा, 'मदुरा फूट'. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा. माझे दाणे निघाले नाहीत, पण मी विज्ञान शिकवणारी बाई, पडल्या पडल्या त्यावर वाचलं. सर, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. १८५८ साली निघालेल्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या पुस्तकातली चित्रं ज्यांनी काढली, ते हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. या पायाच्या आजाराला 'मायसेटोमा' हे नाव त्यांनी १८६० साली दिलं आणि १८७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पावलाच्या ज्या चित्रावर जगभरचे डॉक्टर शिकले, ते काढणाऱ्या माणसानं आपल्याकडच्या शेतकऱ्यांची अशी पावलं वर्षानुवर्षं तपासली. तुमच्या खडूच्या रेघेशी मला हे जोडलेलं वाटलं, बाकी काही नाही.

आता हाडातल्या जंतूंचं. मला एक गोष्ट कळत नव्हती. इतक्या गोळ्या, इंजेक्शनं घेतली, तरी बरं का होत नाही? सर्जननी सांगितलं ते असं. हाड म्हणजे दगड नाही, त्यात रक्त खेळतं. औषध जातं ते रक्तातून. जंतूंनी हाडाचा तुकडा मारला की त्याचं रक्त तुटतं. मग औषध त्या तुकड्याच्या दारापर्यंत जातं, आत जाऊ शकत नाही, आणि जंतू आत आरामात. म्हणून मेलेलं हाड बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही.

हे ऐकताना मला किल्लारीनंतरचे दिवस आठवले. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. दगडामातीच्या भिंती अंगावर आल्या. त्या भागातून बदलून आलेले एक गुरुजी पुढं आमच्या शाळेत होते. नडगीचं हाड मोडून बाहेर आलेलं. भूकंपानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या पायातून पू येई, थांबे, पुन्हा येई. एकदा ड्रेसिंगमध्ये हाडाची कपची निघाली, ती त्यांनी आम्हाला कागदात दाखवली होती. आम्ही तोंड फिरवलं. ती कपची म्हणजेच ते मेलेलं हाड. मला पंचवीस वर्षांनी कळलं.

एका मोठ्या दवाखान्यात आम्ही दुसरं मत घेतलं. तिथं सांगितलं, पाय गुडघ्याखालून काढा, सहा आठवड्यांत कृत्रिम पायावर चालाल. मला त्यांचा राग आला होता, आज येत नाही. ज्याच्या पायात रक्त पोचत नाही, ज्याचा जंतू अंगात पसरलाय, त्याच्यासाठी तो सल्ला जीव वाचवणारा असतो. माझं नशीब एवढंच की डॉपलरवर माझ्या घोट्यापर्यंत दोन्ही रक्तवाहिन्या चालू होत्या. लातूरचे सर्जन म्हणाले, "रक्त आहे म्हणून प्रयत्न करतो. शब्द देत नाही. दोन ऑपरेशनं, सहा-सात महिने, आणि शेवटी पाय काढावा लागला तर मला दोष देऊ नका." आमचे हे कधी न बोलणारे, ते म्हणाले, "करा."

घरात मात्र वेगळाच प्रश्न निघाला. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागणार होतं. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "सवाष्णीचं जोडव्याचं बोटच काढायचं म्हणता? नवरा जिवंत असताना?" तुम्ही हसाल, पण त्या खोलीत कुणी हसलं नाही. मीही नाही. मी शिकलेली, मुलांना अंधश्रद्धा नको म्हणून सांगणारी, त्या रात्री अंधारात माझ्या बोटाला हात लावून बघत होते. शेवटी ह्यांनीच विषय संपवला. म्हणाले, "आई, जोडवं माझ्यासाठीच घालती ना? मग मला तिचा पाय पाहिजे."

एप्रिल २०१८ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं. ते बोट मुळापासून काढलं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा सडला होता, म्हणजे पावलातल्या लांब हाडाचं डोकं आणि अंगठ्यातल्या पहिल्या हाडाची बैठक. ते दोन्हीकडून कापत गेले, हाडातून रक्ताचे ताजे ठिपके दिसेपर्यंत. सांध्याच्या खाली डाळीच्या दाण्यासारखी दोन छोटी हाडं असतात, तीही काढली. सर, ती दोन तुमच्या सव्वीसात नव्हती! मी डॉक्टरांना विचारून खात्री केली. आणि त्याच ढिगात बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. अर्ध्या सेंटिमीटरचं. चार महिने आत होतं.

मग जी पोकळी पडली, तीत त्यांनी सिमेंट भरलं. घराचं नव्हे, गुडघा बदलताना वापरतात ते. त्यात जंतुनाशक औषध कालवलेलं, म्हणजे औषध रक्तातून यायची वाट न बघता तिथंच झिरपतं. अंगठा आखडू नये म्हणून बाहेरून सळयांची चौकट. शाळेतली पोरं भेटायला आली, एकानं विचारलं, "बाई, ह्यात टीव्ही लागतो का?" हाडाचा तुकडा तपासायला पाठवला होता. कुठला जंतू, कुठलं औषध त्याला लागू, ते कळलं. सहा आठवडे शिरेतून औषध. आधी घेतलेल्या गोळ्यांपैकी एकही त्या जंतूला लागू नव्हती, हे त्या कागदावर स्पष्ट होतं.

सिमेंटची खरी गंमत पुढं आहे. मास्केले नावाचे एक फ्रेंच सर्जन, त्यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत वापरात आणली. शरीर त्या सिमेंटभोवती स्वतःच एक पातळ पडदा विणतं आणि त्या पडद्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात. सहा-आठ आठवड्यांनी तो पडदा अलगद चिरायचा, सिमेंट काढायचं, आणि त्या पिशवीत रुग्णाचंच हाड भरायचं. पेरणीआधी रान तयार करतात तसंच म्हणा. जूनच्या शेवटी, बाहेर खरंच पेरण्या चालल्या होत्या, तेव्हा माझं दुसरं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडातून तुकडे काढले, पायात भरले, तारांनी बांधले. पाय बधिर, त्यामुळं पायाचं दुखलंच नाही. कमर मात्र महिनाभर ठणकली. चोरी जिथं झाली तिथंच बोंब.

त्यानंतरचं काही सांगण्यासारखं नाही. पाय टेकायचा नाही, एवढंच काम. साडेतीन महिने. वॉकर, संडासात खुर्ची, आणि ज्या सुनेला मी चार वर्षं स्वयंपाकावरून बोलत होते तिच्याकडून अंघोळ. या भागावर मी एक वेगळं भाषण करीन, पण ती समोर बसली आहे. ऑक्टोबरमध्ये एक्स-रेत हाड सांधलेलं दिसलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले. ती पहिल्या रांगेतली पोर आता तिसरीत होती. तिनं जवळ येऊन मोठ्यानं वास घेतला आणि मैत्रिणींना सांगितलं, "येत नाही." मला त्या दिवशी कुठल्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटची गरज राहिली नाही.

पण सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. माझा अंगठा बुडातून वाकत नाही. उकिडवं बसता येत नाही, पायऱ्या उतरताना पाय आडवा ठेवावा लागतो. चप्पल मऊ रबराची, पुढून वर उचललेल्या तळाची, मापानं करून घेतलेली. असलं मऊ रबर आपल्या देशात आधी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आलं, म्हणून दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाईनं पदर सावरून घेतला. घ्या म्हणावं. आणि लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, अंगठ्यावरचा भार शेजारी सरकल्यामुळं तिसऱ्या बोटाच्या बुडाशी पुन्हा फोड आला. पण मी रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. फोड दुसऱ्या दिवशी सापडला. पाय वर ठेवला, तळव्याला भार लागू दिला नाही, पाच आठवड्यांत भरला. पहिल्या वेळी मी चार महिने घालवले होते, या वेळी एक दिवस. बाकी शरीर तेच, साखर तीच.

आपण लहान होतो तेव्हा नांदेडला किंवा लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. पाय सडला की माणूस बैलगाडीतून एस.टी.त आणि एस.टी.तून अंबाजोगाईला नाहीतर औरंगाबादला घाटीत, आणि बहुतेक वेळा एक पाय ठेवून परत. नांदेडचं कॉलेज १९८८ चं, लातूरचं २००२ चं. आज सर्जन आहेत, एम.आर.आय. आहे, सिमेंट आहे. आणि साखरही आहे. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. आत्ता चहाच्या वेळी मी बघत होते, आपल्या एकशे दहा जणांत बिनसाखरेच्या चहाचा थर्मास आधी रिकामा झाला.

जोडव्याचं राहिलं. कापलेलं जोडवं मी सोनाराकडून सांधून घेतलं. आत्याबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच ते माझ्या उजव्या पायाच्या उरलेल्या बोटांतल्या पहिल्यात घातलं. म्हणाल्या, "हेच आता अंगठ्याशेजारचं." ते सैल ठेवलंय, रोज रात्री काढते.

सर, आता हिशेब. बोटाची तीन हाडं गेली, राहिली तेवीस. अंगठ्याचं एक आणि पावलातलं एक अशी दोन हाडं मध्ये कमरेचा तुकडा घेऊन एकजीव झाली, म्हणजे बावीस. या पिशवीत बावीस चिंचोके आणलेत. भाजलेले नाहीत. मोजून घ्या, आणि मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांपासून लांब ठेवा.

जेवणानंतर चार वाजेपर्यंत आपला नांदेडचा डॉक्टर सातवी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. त्याच्याकडं एक नायलॉनचा तंतू आहे, तो तळव्याला टेकवून कळतं का एवढंच विचारतो, आणि एक कंपन करणारा चिमटा. पाच मिनिटं लागतात, पैसे नाहीत. ज्यांनी नवे मोजे घातलेत त्यांनी ते काढायचे आहेत. बायांसाठी खिडकीकडच्या बाजूला पडदा लावलाय, आणि तिथं मी स्वतः आरसा घेऊन बसणार आहे.